गळती प्रकरण आणि एलिनचा गृहपाठ

परदेशी विद्यार्थिनी घरी ठेवून घ्यायची तर काय काय लागतं, असं कुणी विचारलं तर मी सांगेन: एक खोली, एक पलंग आणि खालच्या मजल्यावरच्या माणसाशी बरे संबंध. यातल्या पहिल्या दोन गोष्टी आमच्याकडे होत्या.

खोली अवनीची. आमची ही कन्या नोकरीसाठी डब्लिनला गेली त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून त्या खोलीत माझ्या फायली आणि सुहासिनीची न वापरलेली भांडी गुण्यागोविंदाने नांदत होती. मग एका सकाळी सुहासिनीने पेपरात वाचलं की स्वीडनहून नऊ विद्यार्थी दहा आठवडे मराठी शिकायला पुण्यात येताहेत आणि त्यांना राहायला कुटुंबं हवी आहेत.

"आपण कुटुंब आहोत का?" मी विचारलं.

"दोन माणसं असली की धरतात," असं म्हणून तिने फॉर्म भरूनही टाकला.

कर्वेनगरात एखादी बातमी लपवायची असेल तर ती मुळात घडूच देऊ नये. दोन दिवसांत सल्लागारांची रांग लागली. वरच्या मजल्यावरची दीपमाला यवतमाळची, हिंजवडीत आयटीत आहे. ती म्हणाली, "काका, टेन्शन नका घेऊ. माझ्या टीममधे जर्मन आहेत न. त्यांना प्रायव्हसी लागते. सारखं 'जेवली का, जेवली का' करू नका बाप्पा." समोरच्या इमारतीत एक गृहस्थ राहतात. ते पूर्वी आठ दिवस लंडनला जाऊन आलेत आणि त्या आठ दिवसांवर गेली पंधरा वर्षं बोलताहेत. त्यांनी गोरी माणसं वरणाला हात लावत नाहीत असं छातीठोक सांगितलं. आमच्याकडे आलेली मुलगी पहिल्याच रात्री तीन वाट्या वरण प्यायली. हे मी त्यांना मुद्दाम जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "स्वीडन वेगळं."

तिचं नाव एलिन. वय एकवीस. रविवारी दुपारी ती आली ती दारातून जरा वाकूनच. त्यात नम्रता किती आणि उंची किती हे काही कळलं नाही. तिकडच्या विद्यापीठात वर्षभर मराठी शिकलेली होती, त्यामुळे सावकाश पण स्वच्छ बोलायची. पहिलंच वाक्य होतं, "चपला आत ठेवायच्या की बाहेर, आणि का?"

या "का"ने आमच्या घराचा ताबा घेतला. फोडणीत मोहरी आधी का? देवाचं तोंड त्या भिंतीकडे का नाही? एका घरात तीन कॅलेंडरं का, आणि तिन्हींचा महिना वेगळा का? (शेवटच्या प्रश्नावर मी मागे राहिलेली पानं फाडली.) सुहासिनी मात्र सगळ्या प्रश्नांना उत्तरं देत होती. ओट्याशी उभी राहून ती तासतासभर बोलायची. तिच्या आजोळी विहिरीवर कोण कुठल्या वेळेला जायचं, तिला गणितात पैकीच्या पैकी मिळाले तेव्हा घरात कुणाला ते आवडलं नव्हतं, असं काय काय. मी पेपर तोंडासमोर धरून ऐकत होतो. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, आणि यातलं निम्मं मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. याची मला लाज वाटली. ती मी पेपराआड ठेवली.

सोमवारी कागदपत्रांचा दिवस. परदेशी पाहुणा घरी उतरला की सरकारला ऑनलाइन कळवावं लागतं. विमा कंपनीच्या दावे विभागात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला फॉर्मची भीती वाटत नाही, असं मी एलिनला म्हणालो. मग मी तिचा फोटो आडवा चढवला, पासपोर्टच्या जागी माझा पासपोर्ट चढवला, आणि ओटीपी शोधायला चष्मा शोधेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. असं चार वेळा झालं. शेवटी एलिनने तो फॉर्म सहा मिनिटांत भरला. मी शेजारी बसून देखरेख केली.

मग एलिनला मराठी शिकवणाऱ्या संस्थेतून प्रज्ञेशचा फोन आला. हा विद्यार्थ्यांची व्यवस्था पाहणारा तरुण. "काका, एव्हरीथिंग ओके, फक्त सोसायटीचं ना हरकत पत्र राहिलंय. शुक्रवारी पाचपर्यंत पाठवा. ॲक्चुअली नाही मिळालं तर एलिनला शिफ्ट करावं लागेल. बाणेरची एक फॅमिली स्टँडबायवर आहे."

सुहासिनीच्या हातातला झारा थांबला. "कुणाची सही लागते?" तिने विचारलं, जसं काही तिला माहीतच नव्हतं.

सोसायटीचे सचिव बापूराव. राहतात आमच्या बरोब्बर खाली. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, त्यामुळे पाणी हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या बाहेरच्या खोलीच्या छताला ओल आली आणि ती आमच्या न्हाणीघरातून येते असा त्यांनी शोध लावला. मी तो फेटाळला. दावे फेटाळणं हा माझा बत्तीस वर्षांचा व्यवसाय होता, हे त्यांनी लक्षात घ्यायला हवं होतं. तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोलत नाही. मात्र लिहितो. दर पावसाळ्यात त्यांचं पत्र येतं, दर पावसाळ्यानंतर माझं उत्तर जातं, आणि अधूनमधून स्मरणपत्रं. जिन्यात समोरासमोर आलो तर दोघंही भिंतीचा रंग पाहतो.

मी रीतसर अर्ज लिहिला आणि त्यांच्या दाराखालून सरकवला. मंगळवारी सकाळी आमच्या दाराखालून उत्तर आलं. "आपला अर्ज प्राप्त झाला. गळतीबाबत आपला समाधानकारक खुलासा मिळाल्यानंतर सदर अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात येईल." सहानुभूतीपूर्वक या शब्दाखाली रेघ होती.

"खाली जाऊन तोंडी बोला," सुहासिनी म्हणाली.

"अकरा वर्षांचा पत्रव्यवहार आहे. त्यात तोंडी काही नाही," मी म्हणालो. ती बाणेरच्या दिशेला बघत राहिली. बाणेर आमच्या खिडकीतून दिसत नाही.

त्याच संध्याकाळी एलिनला गृहपाठ मिळाला. घरातल्या माणसांनी खरोखर लिहिलेलं मराठी वर्गात आणायचं आणि वाचायचं. सुहासिनीने किराण्याची यादी दिली. मग एलिनचं लक्ष तिच्याच खोलीतल्या कपाटाकडे गेलं. तिथे तीन जाड फायली होत्या. पाठीवर माझ्या अक्षरात लिहिलेलं, "गळती प्रकरण, खंड १ ते ३". त्यात बापूरावांची पत्रं आणि माझ्या उत्तरांच्या स्थळप्रती तारीखवार लावलेल्या.

"काका, हे मी नेऊ का?"

शहाण्या माणसाने नको म्हटलं असतं. पण त्या फायली आजवर कुणी वाचायला मागितल्या नव्हत्या. घरातल्यांनी तर त्या रद्दीत घालायला दोनदा काढल्या होत्या. "खंड दोनपासून सुरू कर," मी म्हणालो, "तिथे भाषा बहरलीय."

ती रात्री जेवणाच्या टेबलावर वाचत बसली. मधेच मान वर करून म्हणाली, "काका, सगळ्या पत्रांच्या वर 'स.न.वि.वि.' आहे. आमच्या बाईंनी सांगितलं, त्याचा अर्थ सप्रेम नमस्कार विनंती विशेष. मग खाली तुम्ही लिहिता की त्यांचा आरोप धादांत खोटा आहे. प्रेम कुठे संपतं?"

मी म्हणालो की ती एक पद्धत असते. तिने ते वहीत लिहून घेतलं.

परिणाम बुधवारी दिसू लागले. सकाळी पोहे खाताना एलिन म्हणाली, "काकू, पोहे अत्यंत समाधानकारक आहेत, याची कृपया नोंद घ्यावी." दीपमालाने लिफ्टमध्ये तिला चॉकलेट दिलं, तर तिला ऐकायला मिळालं, "आपले आजचे चॉकलेट प्राप्त झाले. आभारी आहे." डेक्कनवर एका रिक्षावाल्याने मीटर टाकायला नकार दिला तेव्हा ही त्याला अतिशय गोड आवाजात म्हणाली, "आपल्या या उदासीन वृत्तीचा मी तीव्र शब्दांत निषेध करते. योग्य ती कारवाई त्वरित व्हावी." तो म्हणे काही क्षण हँडल धरून बसला, आणि मग त्याने मीटर टाकला. मराठी भाषेने हे पुण्यात करून दाखवलं, याचा मला अभिमान वाटला. सुहासिनी म्हणाली, "पोरीची वाट लावलीत."

आणि गुरुवारी दुपारी ती वर्गातून परत आली ती वर आलीच नाही. पहिल्या मजल्यावरच थांबली. मला तिचा आवाज ऐकू आला म्हणून मी जिन्याच्या वळणापर्यंत उतरलो. त्याखाली उतरणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं.

बापूरावांचं दार उघडं होतं. ते बनियनवर शर्टाची बटणं लावत उभे होते.

"आपण या पत्रांचे लेखक आहात का?" एलिनने फायली पुढे धरून विचारलं.

बापूरावांनी मान हलवली. कोर्टात गुन्हा कबूल करावा तशी.

"आमच्या वर्गाने ती वाचली. नंतर मतदान झालं, कुणाची पत्रं जास्त चांगली. आपल्याला पाच मतं मिळाली. दिगंबरकाकांना चार."

बापूरावांचं शेवटचं बटण भोकात गेलंच नाही. "पाच?" ते म्हणाले. मग त्यांनी वर बघितलं, थेट माझ्याकडे. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मीही पाहिलं. नऊ स्वीडिश मुलं, त्यात एक माझ्या घरी जेवणारी, आणि चार मतं! ती चार कुणाची, आणि त्यात घरचं एक होतं का, हा प्रश्न मला आजही छळतो. विचारण्याची हिंमत झालेली नाही.

"आता मला गळती बघायची आहे," एलिन म्हणाली. "सगळ्या पत्रांत ती आहे. पण आम्हाला कुणालाच ती डोळ्यांपुढे येत नाही."

एखाद्याने आपल्या पुस्तकावर बोलायला बोलवावं तसे बापूराव बाजूला झाले. मी वाकून पाहिलं, तर दारातून त्यांची बाहेरची खोली दिसत होती. छताच्या कोपऱ्यात एक पिवळट तपकिरी डाग होता. "हा पुरावा," बापूराव म्हणाले. "म्हणून मी खोलीला रंग देऊ दिला नाही. अकरा वर्षं!" एलिनने पिशवीतून सुहासिनीची मापाची फीत काढली, स्टूल ओढलं आणि वर चढली. तिला स्टुलाची फारशी गरज नव्हती.

"एक फूट नऊ इंच," ती म्हणाली. मग फाइल उघडून पानं चाळली. "पहिल्या पत्रात एक फूट नऊ इंच. गेल्या जुलैच्या पत्रात दोन फूट चार इंच."

"ते अंदाजे होतं," बापूराव म्हणाले.

तिने डागावर तळहात ठेवला. मग बोटांनी घासलं. मग बोटं हुंगली. हे स्वीडनमध्ये शिकवतात की काय कोण जाणे. "काका, इथे पाणी नाही. हे कोरडं आहे."

"कोरडंच असणार," आतून आवाज आला. पदराला हात पुसत दुर्गाबाई, म्हणजे बापूरावांच्या सौभाग्यवती, बाहेर आल्या. "आठ वर्षं झाली त्याला. तुम्ही नाशिकला ताईंकडे गेला होतात, आणि हे वरचे," माझ्याकडे हात करून, "गिरनारला. आम्ही दोघींनी प्लंबर बोलावला. वरच्या न्हाणीघरातला पाइप बदलला. अडीच तासांत काम झालं."

माझ्या मागे जिन्यात पाऊल वाजलं. सुहासिनी होती. मी तिच्याकडे पाहिलं, तर ती भिंतीचा रंग पाहत होती.

"आणि सांगितलं का नाही?" बापूराव आणि मी एकदमच म्हणालो. हे आमचं पहिलं संयुक्त निवेदन.

"तुम्ही दोघं त्याच वर्षी निवृत्त झाला होतात," सुहासिनी म्हणाली. "सकाळी नऊला डबा मागायची सवय, आणि जायला ऑफिस नाही. हे तर फ्रिजमधल्या भाज्यांना नंबर द्यायला लागले होते. दुर्गाताई म्हणाल्या, लिहू देत. लिहितात तोवर बरे असतात."

मला एकदम सुचलं. "म्हणजे गेली आठ वर्षं मी खरं लिहीत होतो! माझ्या न्हाणीघरातून गळत नव्हतं!"

"ठाऊक नसताना लिहिलेलं खरं धरत नाहीत," बापूराव म्हणाले. शब्द कोरडे होते, पण आवाज कोरडा नव्हता. आपण आठ वर्षं एका कोरड्या डागावर लिहीत बसलो होतो, हे पचवायला दोघांनाही जड जात होतं.

मग ते एलिनला म्हणाले, "तुमचं ना हरकत पत्र उद्या देतो." राहिलेलं बटण लावत, "ते वर्गात वाचणार का?"

"हो. नक्की."

"मग वेळ लागेल," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

शुक्रवारी सकाळपासून मी दाराखालच्या फटीकडे बघत होतो. अकरा वाजले, काही नाही. एक वाजला, काही नाही. एलिनने तिची बॅग भरून ठेवली होती. म्हणाली, "जर जायचं असेल तर प्रज्ञेशला उशीर नको." सुहासिनी त्या बॅगेला वळसा घालून घरात फिरत होती. तिने दुपारी एलिनसाठी लाडू वळले आणि बरोबर द्यायचे की इथेच डब्यात ठेवायचे हे न कळून ते ताटात तसेच ठेवले. साडेतीनला तिने खाली फोन लावला. दुर्गाबाई म्हणाल्या, "चौथा मसुदा चाललाय. जेवले पण नाहीत."

सुहासिनीने फोन ठेवला. "अहो, मला ती इथे हवी आहे," ती म्हणाली. बस, एवढंच. छत्तीस वर्षांत तिने मला असं सरळ काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी चपला न घालताच निघालो.

बापूरावांच्या दारात एक क्षण थांबलो आणि आत गेलो. ते टेबलाशी बसले होते. भोवती चुरगाळलेले कागद.

"पाच मतांचं ओझं आहे, दिगंबरराव," ते मान वर न करता म्हणाले. "साधं लिहून चालणार नाही."

"दाखवा."

मी खुर्ची ओढली. मसुदा दीड पानाचा होता. त्यात सोसायटीची स्थापना होती, पाणीपुरवठ्याचा इतिहास होता, आणि एलिन दुसऱ्या पानावर येत होती. "सदर विद्यार्थिनीच्या वास्तव्यास सोसायटीची हरकत नाही, तथापि..."

"तथापि काढा," मी म्हणालो.

"तथापि काढला तर वाक्य लंगडं होतं."

"हरकत नाही म्हटल्यावर तथापि कशाला? मुलांना वाटेल हरकत आहे."

त्यांनी पेन वर धरलं, खाली आणलं, पुन्हा वर धरलं. मी बत्तीस वर्षं "तथापि" लिहून लोकांचे दावे फेटाळले होते. तो शब्द सोडताना काय होतं ते मला माहीत होतं. शेवटी त्यांनी तो खोडला. बदल्यात मला मी सुचवलेलं "सन्माननीय" सोडावं लागलं. पाणीपुरवठा गेला, स्थापना गेली. चार वाजून दहा मिनिटांनी पाच ओळी उरल्या. बापूराव म्हणाले, "'हरकत नाही'च्या जागी 'आनंद आहे' लिहावं का?"

"सोसायटीच्या लेटरहेडवर?"

"का? शिक्का तर मारणारच आहे."

लिहिलं. सही झाली, शिक्का झाला, मी फोटो काढला. सरळ काढला. आणि प्रज्ञेशला पाठवला. दोन मिनिटांत त्याचा फोन आला. "काका, इतकं कशाला? मी ईमेलला फॉर्म जोडला होता ना, त्यावर फक्त टिक आणि सही हवी होती. पण हेही चालेल. एलिन तुमच्याकडेच. हॅपी वीकेंड!"

मी ते बापूरावांना सांगितलं नाही. म्हटलं, "मंजूर झालं." आणि वर सुहासिनीला फोन करून तेच सांगितलं.

मग छतातून आवाज आला. आधी खुर्ची सरकली, मग धावल्यासारखी पावलं वाजली, मग दोघी हसल्या. काय बोलत होत्या ते कळत नव्हतं, पण सुहासिनीचं हसणं ओळखू येत होतं. माझं घर खालून कसं ऐकू येतं, हे मला माहीत नव्हतं.

"अवनी गेल्यापासून वरून काही येत नव्हतं," बापूराव छताकडे बघत म्हणाले. "तीन वर्षं. कधी कधी आम्हाला वाटायचं, घरात कुणी आहे की नाही. या आठवड्यात पुन्हा सुरू झालंय. मी सोमवारीच सही करणार होतो, पण आपला अर्ज लेखी आला. लेखी अर्जाला लेखीच उत्तर द्यावं लागतं."

मी एक चुरगाळलेला कागद उचलून सरळ करू लागलो.

दुर्गाबाईंनी दोन कप आणून आमच्यामध्ये ठेवले. अकरा वर्षांनी मी त्या घरातला चहा प्यायलो. साखर कमी होती. मी तसं तोंडी सांगितलं.